उद्या अकरा वाजता

नरहरी, होटगी रोडला चष्म्याच्या दुकानावर, दुसरा मजला.
जिन्यात चपला काढू नकोस. मी काढल्या,
आणि तासभर अनवाणी बसले, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी.

आधी एक फॉर्म देतील.
झोप, भूक, गोळ्या, दारू. खरं लिही.
'तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं' तिथे
मी तुझं नाव घातलंय. तू माझं घाल.
आईचं नको.

खोलीत कूलर आहे. दोन खुर्च्या, थेट समोरासमोर नाहीत,
जरा तिरक्या. खिडकीकडे बघत बोललं तरी चालतं.
हत्तुरे मॅडम माझ्याहून लहान.
मला आधी त्याचाच राग आला.
त्याच्या आधीचा राग वेगळा:
जोगळेकर बाई नवऱ्याच्या बदलीमागे नाशिकला गेल्या,
दीड वर्ष त्यांच्यापुढे सगळं ओतलं,
आणि आता परत पहिल्यापासून,
नाव, गल्ली, घरात कोण कोण.
फाइल आहे ना तुमच्याकडे, मी म्हटलं.
आहे, म्हणाल्या. पण मला तुमच्याकडून ऐकायचंय.

अवघड जाईल ती शांतता.
आपण मागांच्या डोक्यावर वाढलेली माणसं,
'मीठ दे' सुद्धा ओरडून म्हणतो.
तिथे प्रश्न विचारून त्या गप्प बसतात.
रागावल्या असं समजू नकोस.
मी त्या गप्प जागेत घाईघाईने काहीबाही कोंबलं,
म्हटलं, मॅडम, माझं आयुष्य म्हणजे गुंतलेला ताणा.
घरून ठरवून नेलं होतं ते वाक्य.
त्यांनी लिहून घेतलं नाही.
विचारलं, रात्री कितीला जाग येते?

पावणेचार.

मग विचारलं, नायना म्हणजे वडील का?
माझ्या तोंडून कधी निसटलं कळलंच नाही.
जोगळेकर बाईंपुढे मी दीड वर्ष 'वडील' म्हणत होते.
'वडील हार्ट अटॅकने गेले.' एक ओळ, पूर्णविराम.
नायना म्हटल्यावर ती ओळ तिथे संपेना.

हे तुलाही आत्ताच सांगतेय.
त्या दुपारी मी वर होते. खाली चार माग चालू.
चाराचे तीन झालेले मला ऐकू आले.
धागा तुटला की माग आपला आपण थांबतो,
नायना गाठ मारतील, परत चार होतील,
म्हणून मी चहा ठेवला.
आलं किसलं. उकळू दिला.
तीनच ऐकू येत राहिले.

'तुमची चूक नव्हती' असं हत्तुरे मॅडम म्हणाल्या नाहीत.
मी वाट बघत होते, म्हणतील.
म्हणाल्या, चहाचं काय केलं मग?
मोरीत ओतला, मी म्हटलं.
दिवसकार्याला एवढी माणसं आली,
चहाचं कुणी विचारलं नव्हतं.

तर, पहिल्या दिवशी बरं वाटेलच असं नाही.
माझं डोकं चढलं. घरी येऊन उभ्या उभ्याच
कडक भाकरी चुरली, शेंगाचटणी, वर दही,
आणि दिवेलागणीलाच झोपले.
पावणेचारला जाग आलीच.

बोललेलं बाहेर जात नाही, जिवावर बेतणारं सोडून.
हे त्या स्वतःच सांगतील.
अमुक करा, तमुक करू नका, असं सांगणार नाहीत, तू चिडशील.
सहाशे रुपये. कमी होतात, पण विचारावं लागतं.
मी विचारलं, कान लाल झाले, चारशे झाले.
तीन-चार वेळा जाऊन बघ. नाही जुळलं तर तसं तोंडावर सांग,
त्यांना ते नवीन नाही.
मीसुद्धा अजून बघतेच आहे.

तुझं काय ते मला सांगायलाच हवं असं नाही.
त्या दुपारी तू कुठे होतास, मी विचारणार नाही.

उद्या पाचव्या दिवसाचं पाणी. दहाला सुटेल.
पाइप मी लावते, पिंपं मी भरते.
तू जा.